एनक ट्रँटरचे गंजके हात

बायको हेस्टर वारली तेव्हा एनक ट्रँटरला काहीच वाटलं नाही. त्याने वाट पाहिली. दफन झालं, शेजारणींनी हॅम कापलं, सगळ्यांनी ते खाल्लं आणि हेस्टर किती कष्टाळू होती ते खाता खाता एकमेकांना सांगितलं. एनक टोपी मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसला होता. जो तो त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होता, "येईल रे रडू. एकदा आलं की मोकळा होशील." एनकला वाटलं, येत असेल. रस्ते खराब आहेत.

ईस्टर आलं, ईस्टर गेलं. रडू आलं नाही. मग एका मंगळवारी सकाळी गंज आला.

एनक बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांच्या वस्तीत फिनिशर होता. फ्रान्सबरोबरची लढाई संपून चार वर्षं होत आली होती. सगळ्या देशाने त्याबद्दल देवाचे आभार मानले होते. या वस्तीने मात्र फक्त मानले म्हणून सांगितलं होतं. फौजेच्या बंदुका बंद झाल्या आणि दुकानांना आता जमीनदारांच्या आणि पाद्र्यांच्या, पाखरं मारायच्या चकमकीच्या बंदुकांवर दिवस काढायचे होते. पाखरांशी तह व्हायची भीती नव्हती, एवढाच दिलासा.

अशी बंदूक एका हातून होत नाही. नळी एकाची, चाप दुसऱ्याचा, अक्रोडाचा दस्ता तिसरा कोरतो, नक्षी चौथा काढतो, आणि बाकीचे तिघे हजामत करतात असं प्रत्येकाचं मत असतं. मग सगळा माल फिनिशरच्या टेबलावर येतो. चाप दस्त्यात असा बसवायचा की मध्ये केस जायला नको. घोडा ओढला तर आवाज दाराच्या कडीसारखा नव्हे, घड्याळासारखा यायला हवा. शेवटी पोलादाला कुरुंद आणि तेल लावून त्यात गिऱ्हाइकाला आपल्या मिशा दिसेपर्यंत घासायचं. बंदुकीवर कारखान्याचा शेवटचा हात फिनिशरचा.

त्या मंगळवारी एनकने कापड बाजूला केलं, तर शनिवारी आरशासारखी करून ठेवलेली चापाची पट्टी त्याच्याकडे बघत होती आणि तिच्यावर चार बोटं आणि एक अंगठा तपकिरी रंगात उठला होता. त्याने सवयीप्रमाणे आधी फेरडेला शिव्या घातल्या. ल्यूक फेरडे नक्षीवाला होता आणि दुकानात काहीही बिघडलं की शिव्या त्यालाच घालायचा रिवाज होता. मग एनकने अंगठा नीट पाहिला. त्याच्यावर आडवा कापाचा व्रण होता. फेरडेचा अंगठा धड होता. फेरडेमध्ये तेवढंच धड होतं.

एनकने आपला अंगठा डागावर ठेवला. बरोबर बसला. इतका चोख बसवलेला भाग त्या आठवड्यात दुकानात दुसरा नव्हता.

काही माणसांचा घाम लोखंड खातो. का, ते कुणाला ठाऊक नाही. कुणी म्हणतं रक्त आंबट असतं, कुणी म्हणतं बियर. बंदूकवाल्यांत अशा माणसाला गंजका म्हणतात आणि गंजक्याला टेबल सोडावं लागतं. त्यात राग नसतो, लोभ नसतो. जोब व्हिटलॉकच्या कानशीसारखी कानस साऱ्या गल्लीत कुणी चालवत नव्हतं. तो गंजका निघाला आणि आता कालव्यावर कोळसा उतरवत होता. लोक त्याच्याशी फार प्रेमाने बोलायचे. फक्त काही हातात देत नसत.

एनकने डाग घासून काढला आणि कुणाला सांगितलं नाही. उभा जन्म त्या टेबलाशी गेला होता. घरी हेस्टरची खुर्ची होती, हेस्टरची किटली होती, आणि या दोघींशी काय बोलायचं ते त्याला कळत नसे. टेबलाशी बोलावं लागत नाही. टेबल गेलं की मग त्याला जायला जागा उरत नव्हती. हे सगळं तो न घाबरता जाणून होता, जसं दुसऱ्याच्या घराला आग लागल्याचं आपण जाणून असतो.

त्याने उपाय केले. हाताला खडूची पूड चोळली, चुना चोळला, तुरटी लावली, कोंड्यात हात पुरून बसला. बकऱ्याच्या कातड्याचे हातमोजे घातले. पण हातमोज्यातून पोलादाची कड कळत नाही, ते म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधून सुईत दोरा ओवणं. आठवडाभर चालून जाई, कारण रोजचा डाग रोजच्या घासण्यात निघे. खरा घात शनिवारनंतर व्हायचा. तेलाचा बोळा फिरवून ठेवलं तरी रविवार जायचा, सोमवार जायचा, आणि मंगळवारी अंगठा हजर.

उपाय सरळ होता. सोमवारी येऊन पुसायचं. गंज कोवळा असतो तेव्हा तेलाने निघतो, माग राहत नाही.

फक्त सोमवारी काम करत नाहीत.

बर्मिंगहॅमचे कारागीर सोमवारला संत मानतात. या संताचं चर्च नाही, मूर्ती नाही, चमत्कार एकच : रविवारी पाय घसरलेला माणूस मंगळवारी उभा राहतो. पण भक्त म्हणाल तर बाकीच्या सगळ्या संतांना मिळून तेवढे नाहीत. सोमवारी दारूचा गुत्ता, कोंबड्यांची झुंज, कुत्र्यांच्या शर्यती, अगदीच काही नाही तर बायकोशी भांडण. पण कानशीला हात नाही. बापजाद्यांनी मालकांशी झगडून हा दिवस मिळवलेला. सोमवारी काम करणारा माणूस मालकाचं पायपुसणं. उद्या मालक बोट दाखवून म्हणणार, हा येतो, मग तुम्ही का नाही? त्यामुळे गल्लीत चोरी केलेला माणूस निभावून जाई, एखाद्याचा दोन बायकांचा संसारही लोक समजून घेत. सोमवारी काम करणाऱ्याला माफी नव्हती.

तरी एनक गेला. मागचं दार कोळसेवाल्यासाठी उघडं असे. मालकीणबाई केझाया हिपकिस, नवऱ्यामागे दुकान चालवणारी विधवा, माडीवर संधिवात घेऊन बसलेली असे. दुकानात शुकशुकाट. एनक कापड उचली, पुसे, तेल लावी, थोडा वेळ उगाच घासत बसे. बरं वाटे असं नाही. वाईट वाटत नसे, आणि तेवढ्यासाठी घरापासून चालत यायला त्याची हरकत नव्हती.

सगळा उन्हाळा असा निघाला. टेबलावर आता श्रॉपशरच्या एका पाद्रीसाहेबांची बंदूक होती. पहिल्या सप्टेंबरला तितरांचा हंगाम उघडतो आणि पाद्रीसाहेबांना त्या दिवशी पहाटे शेतात पोचायचं होतं. रविवारच्या प्रार्थनेला ते एवढे वेळेवर पोचत नसत म्हणे. एका सोमवारी एनक पट्टीवर वाकून तेल लावत असताना खिडकीत काहीतरी हललं. त्याने मान वर केली. काचेला नाक लावून एमॉस बेलिस उभा होता.

बेलिस दस्तेवाला. दुकानातला सर्वांत वयस्क माणूस आणि संत सोमवारचा सर्वांत जुना भक्त. त्याचं नाक काचेवर चपटं झालं होतं आणि डोळ्यांत, चर्चमध्ये वेदीजवळ कुणी डुक्कर बांधलेलं पाहावं, तसा भाव होता. मग तो वळला. निघून गेला.

मंगळवारी कुणी एनकशी बोललं नाही. त्याच्या शेगड्याचा, म्हणजे काम घट्ट पकडून धरणाऱ्या लोखंडी पकडीचा, दांडा नाहीसा झाला होता. दांड्याशिवाय शेगडा आवळता येत नाही आणि शेगड्याशिवाय फिनिशर म्हणजे नुसता मिशावाला माणूस. याचा अर्थ वस्तीत सगळ्यांना ठाऊक असतो : संध्याकाळी सभा आहे, आणि तुझ्यावर आहे.

सभा 'काळा हंस' गुत्त्यात भरली. बेलिस वडीलधारा म्हणून मधल्या खुर्चीवर बसला. समोर फेरडे आणि चापवाले, प्रत्येकासमोर कथलाचा मग.

"एनक ट्रँटर," बेलिस घसा साफ करून म्हणाला, "काल सोमवारी तू दुकानात काम करत होतास हे खरं?"

"खरं."

बेलिसला हे आवडलं नाही. आरोपीने पहिल्या प्रश्नालाच कबूल केलं तर उरलेल्या सभेने करायचं काय? "अरे, असं लगेच खरं म्हणायचं नसतं. आधी नाकबूल कर."

"बरं. नव्हतो करत."

"खोटारड्या! मी या डोळ्यांनी पाहिलं!"

"तू तिथे कशाला गेला होतास, बेलिसदादा?" फेरडेने विचारलं.

"माझा पाइप राहिला होता. पाइप आणणं हे काम नाही."

"तुझं बाकीचं काम बघता तेवढंच काम आहे."

हशा झाला. बेलिसने मग आपटला. "गप्प! लेका एनक, तीस वर्षं तू आमच्यात बसून पितोस. बाईने काय दिलं तुला? जास्त पगार? ख्रिसमसचा हंस?"

"काही नाही दिलं."

"फुकट?" एक चापवाला दुखावून म्हणाला. "फुकट गद्दारी करतोस?"

एनककडे उत्तर होतं, पण ते दिलं तर टेबल जाणार. न द्यावं तर हे लोक शेगड्याचा दांडा देणार नाहीत, म्हणजे टेबल जाणारच. त्याने हे दोन्ही बाजूंनी पाहिलं, जसं नळीतून दोन्ही टोकांनी पाहतात. दोन्हीकडून भोकच दिसलं.

फेरडे मात्र कधीचा गालात हसत होता. "तुम्ही सगळे बैल आहात," तो म्हणाला. "अरे, हा विधुर. ती विधवा. मध्ये एक जिना. घरात तिसरं माणूस नाही. आणि वार सोमवार. यात काम कुठे आलं?"

सभेला हे सुचलंच नव्हतं. ती थक्क झाली, मग तिला फार आनंद झाला.

"बाई हिपकिस!" चापवाला म्हणाला. "संधिवातासकट!"

"हात लाव, तेल लाव, त्यातच सगळं आलं," फेरडे म्हणाला.

"पण मी त्याला चाप पुसताना पाहिलं," बेलिस म्हणाला.

"मग काय करील? बाईला जिना उतरायला अर्धा तास लागतो!"

आता हसता हसता बेलिसच्याही डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते पुसलं आणि पुन्हा न्यायाधीश झाला. "संत सोमवारची कामाला ना आहे. बाईला ना नाही. एनक, तू बाईसाठी येत होतास एवढं म्हण. विषय संपला. दांडा परत, आणि पुढचा मग माझ्याकडून."

सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि प्रेमाने बघत होते. एनकला कळलं की दार उघडलं आहे. खोटं साधं होतं, कुणाचं नुकसान नव्हतं, बाईच्या कानावर गेलं तर ती फार तर काठी मारेल. दर सोमवारी राजरोस मागच्या दाराने जाता येईल. टेबल राहील. फक्त 'हो' म्हणायचं. त्याने तोंड उघडलं.

"आणि हेस्टरला कोण सांगणार?" तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. एनकला क्षणभर कळेना की का हसत नाहीत. त्याने तर विनोदात विनोद मिसळावा म्हणूनच म्हटलं होतं. मग आपण काय बोललो ते त्याला ऐकू आलं, सगळ्यांच्या नंतर. फेरडे आपल्या मगात बघत होता. चापवाल्याने खोकून पाहिलं.

एनकने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले, मग उलटे केले. तळवे ओले होते.

"मी गंजलोय," तो म्हणाला. "ती गेल्यापासून. सोमवारी येऊन पुसतो, बाकी काही नाही."

आजूबाजूच्यांचे मग हळूच मागे सरकले. कथलाला गंज चढत नाही हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी सरकले.

"हे आधी का नाही बोललास?" बेलिसने विचारलं.

"बोललो असतो तर?"

"तर..." बेलिसने दाढी खाजवली. "टेबल सोडावं लागलं असतं."

"म्हणून."

पाइप पुन्हा पेटवले गेले. हे लोक वाईट नव्हते. हेस्टरच्या दफनाला सगळे आले होते, हॅम सर्वांनी खाल्लं होतं. शेवटी फेरडे म्हणाला, "आपल्याशिवाय कुणाला माहीत आहे? कुणालाच नाही. पुसायचंच आहे ना? त्याने कशाला जायला हवं? आपण पाळ्या लावू. एका सोमवारी मी, एका सोमवारी..."

तो थांबला. आपण काय बोलतो आहोत ते त्यालाही जरा उशिराच ऐकू आलं होतं.

"म्हणजे आपण सोमवारी काम करायचं?" बेलिसने हळू आवाजात विचारलं.

"पुसणं म्हणजे काम नव्हे."

"मग एनकवर सभा कशाला भरवली आपण?"

"मंगळवारी पहाटे आलो तर?" चापवाला म्हणाला.

"मंगळवारी डाग खोल गेलेला असतो," एनक म्हणाला. त्याला मदत करायची होती.

त्यांनी खरोखर विचार केला. कपाळावर आठ्या घालून, एकमेकांकडे न बघता, अगदी घाम येईपर्यंत विचार केला. एनकसाठी त्यांनी आठवड्याची मजुरी दिली असती, त्याच्यासाठी मारामारी केली असती, त्याचं छप्पर शाकारलं असतं. पण जे मागितलं जात होतं ते सोमवार होतं. बापाने दिलेलं, आजोबांनी मिळवलेलं. चापवाल्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा त्यात पाइप घातला.

"नाही रे होत," शेवटी बेलिस म्हणाला. "फुफ्फुसं माग, देतो."

"तुझी फुफ्फुसं घेऊन कुणाला काय करायचंय?" फेरडे म्हणाला, पण सवयीनेच.

"बरं," एनक म्हणाला. त्याला राग आला नाही. उलट त्या सगळ्यांना एवढं अवघडलेलं पाहून, लवकर उठलं तर बरं, असं त्याला वाटलं. जाताना फेरडेने कोटाखालून शेगड्याचा दांडा काढला, द्यायला हात पुढे केला आणि थबकला. मग खिशातून चिंधी काढून दांडा तिच्यात गुंडाळला आणि तसा दिला.

बुधवारी सकाळी एनकने दांडा जागेवर बसवला आणि माडीवर जाऊन बाईंना सांगितलं. केझाया हिपकिस पायावर गरम विटा घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तरीच," ती म्हणाली. "सोमवारी खाली खसखस ऐकू यायची. आधी वाटलं चोर आहे. मग म्हटलं, चोर इतका वेळ घासत बसत नाही."

"नाही बसत, बाई."

"नवरा गेल्यापासून एक तरी माणूस सोमवारी कामाला यावा म्हणून मी देवाजवळ मागणं मागते आहे." तिने वीट सरकवली. "पाठवला, तर गंजका पाठवला. देवाशी व्यवहार करताना नमुना आधी बघून घ्यायला हवा."

एनक टोपी हातात धरून उभा राहिला.

"टेबल नाही देता येणार तुला, एनक."

"माहीत आहे."

"दस्त्यांना तेल चोळणारी मार्था बाळंतपणाला गेली आहे. लाकडाला तुझा हात चालेल. बायकांचं काम आहे. मजुरी बायकांची आहे."

"बरं."

"कालव्यापेक्षा बरं."

"बरं," एनक पुन्हा म्हणाला. जिना उतरताना त्याच्या लक्षात आलं की जे टाळण्यात सबंध उन्हाळा गेला ते होऊन गेलं. भीती कुठे होती ते काही त्याला सापडलं नाही.

पाद्रीसाहेबांचा चाप गल्लीपलीकडच्या एका कोरड्या हाताच्या माणसाने पुरा केला. ठीक केला. एनक आता खिडकीपासून लांब, तेलाच्या बुधल्याशेजारी बसत होता. जवसाचं तेल कापडाने लावून भागत नाही. तळव्याने चोळायचं, तळवा तापेपर्यंत, मग लाकूड पितं. तो चोळत राहिला. अक्रोडातली गर्द रेघ हळूहळू वर आली. हात तापले. हात तापले एवढं त्याला कळलं. त्याने दस्ता फिरवला आणि दुसरी बाजू घेतली.

मग सोमवार आला. पुसायला काही नव्हतं. एनक सकाळी खुर्चीसमोर बसला, किटली उकळली, चहा घेतला, कप विसळला, आणि तरी फारसा दिवस सरला नव्हता. तो कोट घालून निघाला. मागच्या दाराच्या गल्लीत पाय आपोआप वळले. त्याने त्यांना परत आणलं.

'काळा हंस'च्या मागच्या अंगणात खुंट्या मांडून चेंडूफेक चालली होती. त्याला पाहून आवाज जरा खाली गेला. मग फेरडे बाकावर सरकला आणि त्याने शेजारची जागा टोपीने झटकली, जशी काही तिथे धूळ होती. एनक बसला. चापवाल्याने बियरचा मग आणून दिला.

काही वेळाने बेलिसने चेंडू त्याच्यापुढे धरला. "तुझी पाळी."

एनकने चेंडूकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे.

"लाकडाचा आहे," बेलिस म्हणाला. "धर."

एनकने धरला, उठला आणि फेकला. दोन खुंट्या पडल्या, तिसरी डुलली आणि उभी राहिली.

"दोन," बेलिस म्हणाला.

"दोन," एनक म्हणाला, आणि परत जागेवर येऊन बसला. संध्याकाळ व्हायला वेळ होता.